वाचकांचे प्रश्न : नायक निघाला खरा, पण परतला का?

नायक घर सोडतो, कसोट्यांतून जातो आणि काही मिळवून परततो; पुराणकथा, नाटक आणि चरित्र यांत वारंवार भेटणाऱ्या अशा ‘नायकाच्या प्रवासा’विषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : नायकाच्या प्रवासाचे टप्पे एका पुस्तकात १७, दुसऱ्यात १२, आणि नाट्यशिबिरात तर आठच शिकवले. यातले खरे कोणते? (नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक)

मूळचे १७. अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात ते मांडले आणि त्यांचे तीन गट केले. प्रस्थानाचे पाच : साद येणं, तिला नकार, दैवी साहाय्य, पहिला उंबरठा ओलांडणं आणि माशाच्या पोटात गडप होणं. दीक्षेचे सहा : कसोट्यांची वाट, देवीची भेट, मोहिनी, पित्याशी समेट, देवत्वाचा स्पर्श आणि अंतिम वर. परतीचेही सहा : परतायला नकार, वर घेऊन पलायन, बाहेरून सुटका, परतीचा उंबरठा, दोन्ही जगांत सहज वावर आणि जगण्याची मोकळीक.

बाराची यादी ख्रिस्तोफर व्होग्लर यांची. हॉलिवूडमध्ये कथा-पटकथा वाचून अभिप्राय देणं हे त्यांचं काम. डिस्नीत असताना १९८०च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांसाठी काही पानांचं टिपण केलं, आणि १९९२ साली त्याचं पुस्तक झालं. आठ टप्प्यांचं वर्तुळ आणखी अलीकडचं. ते अमेरिकन दूरचित्रवाणी लेखक डॅन हार्मन यांचं. पुराणकथा वाचायची असेल तर १७ची यादी हाताशी ठेवा, संहिता लिहायची असेल तर १२ची. आठची फळ्यावर काढायला सोपी, एवढंच.

यादी कोणतीही घ्या, खालचा सांगाडा तीनच भागांचा आहे, आणि तो कॅम्बेल यांच्याही आधीचा. आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली जगभरचे संस्कारविधी तपासून दाखवलं की माणसाला आधी जुन्या जागेतून वेगळं काढतात, मग अधांतरी अवस्थेत ठेवतात, आणि शेवटी नव्या ओळखीने समाजात परत घेतात. आपल्याकडची मुंज आठवा. मातृभोजन आणि मुंडन हे वेगळं काढणं, भिक्षा मागत गुरूकडे राहणं ही मधली अवस्था, आणि सोडमुंज ही परत येण्याची खूण. हल्ली मुंज थाटात होते आणि सोडमुंज त्याच दिवशी किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी उरकली जाते. टप्प्यांच्या यादीचंही असंच झालंय. कॅम्बेल यांनी १७पैकी सहा टप्पे परतीला दिले होते, व्होग्लर यांच्याकडे बारांपैकी तीनच उरले. या महिन्यातल्या बऱ्याच प्रश्नांची गाठ तिथेच अडकलेली आहे.

प्रश्न : मी कीर्तनाचा अभ्यास करतो. ही चौकट आपल्या एखाद्या कथेला लावून दाखवाल का? एकच कथा, पण पूर्ण. (रत्नागिरी)

हनुमंताचं समुद्रोल्लंघन घेऊ. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडाचा शेवट, सगळं सुंदरकांड आणि युद्धकांडाची सुरुवात एवढा भाग त्याला पुरतो.

साद सुग्रीवाची आहे : एक महिन्यात सीतेचा शोध लावा. दक्षिणेला गेलेल्या तुकडीचा नेता अंगद. मुदत उलटते, पत्ता लागत नाही, आणि अंगदासकट सगळे समुद्रकाठी प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरायला, बसतात. हा नकाराचा टप्पा, आणि तो एकट्या नायकाचा नसून सबंध तुकडीचा आहे. मग जटायूचं नाव कानी पडताच त्याचा भाऊ संपाती बोलतो आणि लंका शंभर योजनांवर असल्याचं कळतं. कोण किती उडी मारेल याची बोली लागते. कोणी दहा योजनं म्हणतो, कोणी वीस, जांबवान नव्वदपर्यंत येतो. अंगद म्हणतो, शंभर योजनं जाईन, पण परत येण्याची खात्री नाही. कीर्तनात हे वाक्य बहुधा सुटतं. ते सोडू नका. मोहिमेसाठी माणूस निवडताना परत येण्याची ताकद मोजली जाते, हे कथेनेच इथे सांगून ठेवलंय. त्यानंतर जांबवान हनुमंताला त्याच्या जन्माची गोष्ट सांगून त्याचं बळ आठवून देतो. मार्गदर्शकाचं काम इथे एवढंच. तो शस्त्र देत नाही, युक्तीही सांगत नाही. रामाची अंगठी तर हनुमंताकडे आधीपासूनच आहे.

उंबरठ्यावर एक राखणदार असतो असं शिकवतात. इथे चार आहेत आणि चौघांची जात निराळी. मैनाक प्रेमाने थांबवतो, ‘जरा विसावा घे’ म्हणतो. त्याला हात लावून मान देऊन हनुमंत पुढे जातो. सुरसा देवांनी पाठवलेली परीक्षक आहे. तिच्या तोंडात शिरून जाण्याची अट तो अंगठ्याएवढा होऊन पुरी करतो. कॅम्बेल यांचं माशाचं पोट ते हेच, फक्त क्षणभराचं. सिंहिका सावली धरून ओढते, ती खरी वैरी, तिला मारावंच लागतं. चौथी लंका नगरीची अधिदेवता, जिला आपण लंकिनी म्हणतो. ती स्त्री आहे म्हणून तो राग आवरून डाव्या हाताची मूठ मारतो. आदर, युक्ती, बळ आणि आवर अशी चार उत्तरं झाली. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथाभागात, आख्यान लावताना हे चौघं एका दमात उरकले तर श्रोत्यांना चार मारामाऱ्याच दिसतात. प्रत्येकाला वेगळी चाल द्या.

पुढे रावणाच्या महालात मंदोदरीलाच सीता समजून हनुमंत हर्षाने नाचतो, आणि चूक कळल्यावर पार खचतो. रिकाम्या हाताने गेलो तर राम, लक्ष्मण, सुग्रीव कोणीच जगणार नाही. त्यापेक्षा न परतलेलं बरं, इथेच वानप्रस्थ होऊन राहीन किंवा प्राण देईन, असं त्याच्या मनात येतं. परतीला नकार हा टप्पा कॅम्बेल वर मिळाल्यानंतर ठेवतात, वाल्मीकींनी तो आधी आणला. मग अशोकवन, अंगठी, चूडामणी. ‘पाठीवर बसवून नेतो’ हा त्याचा प्रस्ताव सीता नाकारते, म्हणजे त्याला मिळणारा वर म्हणजे खूण आणि बातमी, खुद्द सीता नव्हे. लंकादहन हा चढा सूर खरा, पण त्यातही ‘या आगीत सीताच जळाली असेल तर?’ ही भीती आहेच.

परती बारकाईने पाहा. काठावर उतरताच हनुमंत आधी ‘सीता पाहिली’ एवढं सांगतो, वृत्तांत मागाहून. वानर मधुवनात शिरून मध पिऊन धुमाकूळ घालतात; राखणदार दधिमुख तक्रार घेऊन सुग्रीवाकडे जातो आणि सुग्रीव त्यावरूनच ओळखतो की काम फत्ते झालं. शेवटी राम म्हणतो, द्यायला माझ्यापाशी आलिंगनाखेरीज काही नाही.

चौकट कुठे बसत नाही तेही सांगायला हवं. हनुमंत बदलत नाही. त्याला जखम नाही, स्वतःचा हेतू नाही, पित्याशी भांडण नाही. ‘नायकाचं अंतरंग पालटतं’ ही अट लावली तर तो नायकच ठरणार नाही. अशा वेळी हनुमंताला चौकटीत कोंबू नका.

प्रश्न : नायकाने सादेला नकार दिलाच पाहिजे का? (सातारा)

नाही. कठोपनिषदात यमाच्या दारी जाणारा नचिकेत नकार देत नाही, सावित्री देत नाही, राम वनवासाला देत नाही. नकाराचा उपयोग एकच : निघण्यात काय गमवावं लागणार हे वाचकाला कळतं. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळत असेल, जसं रामाच्या बाबतीत दशरथ, कौसल्या आणि लक्ष्मण यांच्याकडून कळतं, तर नायकाला खोटं घुटमळायला लावू नये.

प्रश्न : ४५ मिनिटांच्या एकांकिकेत बाराही टप्पे बसवले. वाचनाला सगळे म्हणाले, ‘सपाट आहे.’ चुकलं कुठे? (इचलकरंजी)

बारा बसवले इथेच. ४५ मिनिटांत बारा टप्पे म्हणजे प्रत्येकाला चार मिनिटंही धड मिळत नाहीत, आणि नट आत-बाहेर करतात तो वेळ वेगळाच. पाच ठेवा : साद, उंबरठा, एक कसोटी, दिव्य (म्हणजे सर्वांत मोठी, जिवावरची परीक्षा) आणि परती. बाकीचे संवादातून सुचवता येतात. मार्गदर्शक तर रंगमंचावर यायलाही नको, त्याचं एखादं पत्र किंवा हत्यार पुरतं.

वेळेची विभागणी साधारण अशी करून पाहा. पहिल्या तीन-चार मिनिटांत साद आली पाहिजे. दहाव्या मिनिटाला उंबरठा ओलांडून झालेला असावा, आणि तो असा की मागे फिरायची सोय उरणार नाही. दिव्य २५ ते ३२ या मिनिटांत. उरलेली बारा-तेरा मिनिटं परतीला. स्पर्धेच्या संहितांत ती बारा मिनिटं हमखास दिव्यात जातात आणि परतीला एक भाषण व काळोख उरतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण त्या नटाच्या दमाला असतात.

सपाटपणाची कारणं बहुतेक वेळा तीन. पहिलं, उंबरठा फुकटात ओलांडला जातो. सुमेरी कथेतली इनान्ना देवी पाताळात उतरते तेव्हा सात दारं लागतात आणि प्रत्येक दारात अंगावरची एक वस्तू काढून द्यावी लागते : मुकुट, गळ्यातले मणी, कंकण, शेवटी वस्त्र. आत पोचते ती उघडी आणि निःशस्त्र. संहितेच्या समासात प्रत्येक टप्प्यापुढे ‘इथे काय गेलं?’ हे लिहा. जिथे उत्तर सुचत नाही तो प्रवेश काढून टाका.

दुसरं, राखणदार आणि दिव्य यांचा एकमेकांशी संबंध नसतो. सुरुवातीच्या कसोटीत नायक ज्या गुणावर निभावला तोच गुण शेवटी अपुरा पडला पाहिजे, नाहीतर दुसरी कसोटी पहिलीचीच मोठी प्रत होते. तिसरं कारण मार्गदर्शक. त्याने उत्तरच देऊन टाकलं की पुढचा अर्धा तास नायक फक्त ते उत्तर पोचवत राहतो. जांबवानाचं उदाहरण वर आलंच आहे.

संहिता पुन्हा लिहिताना शेवटून सुरू करा. नायक घरात शिरला तेव्हा घरात काय बदललेलं होतं, हे आधी ठरवा. ते ठरलं की साद काय असायला हवी ते बहुधा आपोआप कळतं.

प्रश्न : या यादीत स्त्री म्हणजे एकतर देवी नाहीतर मोहिनी. शाळेतल्या मुलींना हे कसं शिकवायचं? (शिक्षिका, ठाणे)

आक्षेप रास्त आहे आणि जुनाही. मॉरीन मर्डॉक यांनी १९९० साली स्त्रीच्या प्रवासाची वेगळी मांडणी केली; तिच्यात नायिका आधी आईच्या जगाकडे पाठ फिरवते, पुरुषांच्या कसोट्या जिंकते, मग त्यातला कोरडेपणा जाणवून खाली उतरते आणि तुटलेलं नातं सांधते. वर्गात मात्र तिथून सुरुवात करायची गरज नाही. वटपौर्णिमेमुळे सावित्री मुलींना माहीत असते, पण वडाला गुंडाळलेल्या दोऱ्यापुरतीच. वनपर्वातली सावित्री वाचायला द्या.

ती स्वतः रथातून वर शोधायला निघते. सत्यवान वर्षभराने मरणार असं नारद सांगतो तेव्हा बापाचा आग्रह मोडून निवड कायम ठेवते. दिवस मोजत राहते. चार दिवस उरले तेव्हा तीन रात्रींचं उभ्याचं व्रत करते, म्हणजे उंबरठ्याची तयारी तिची तीच करते. यम सत्यवानाचा प्राण घेऊन निघतो आणि ती मागोमाग चालू लागते. पाच वर मिळतात ते क्रमाने फळ्यावर लिहा : सासऱ्याची दृष्टी, सासऱ्याचं राज्य, बापाला शंभर पुत्र, स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र, आणि मग सत्यवानाचं जीवन. पहिल्या चारही वरांच्या वेळी ‘सत्यवानाचा प्राण सोडून काहीही’ ही यमाची अट आहेच. चौथा वर दिल्यावर तो अडकतो, कारण सत्यवान नसेल तर ते पुत्र होणार कसे? मुलींना विचारा, क्रम उलटा असता तर काय झालं असतं. या प्रश्नावर वर्गात अर्धा तास सहज जातो.

परतीचा भाग गाळू नका. सत्यवान उठतो तो थकलेला, रात्र पडलेली, रानात कोल्हे ओरडताहेत. सावित्री त्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्याला वाटेने चालवत आणते. तिकडे आश्रमात दृष्टी परत आलेला सासरा दोघांना शोधत रानोमाळ फिरून आलेला असतो.

प्रश्न : विद्यार्थ्यांकडून या चौकटीत एखादं खरं चरित्र लिहून घ्यायचं आहे. आनंदीबाई जोशी चालतील का? (मराठीच्या प्राध्यापिका, सोलापूर)

चालतील, कारण त्यांचं आयुष्य चौकटीत बसतं असं आधी वाटतं आणि मग बसत नाही. विद्यार्थ्यांना शिकायला मिळतं ते त्या न बसण्यात.

ढोबळ टप्पे पटकन सापडतील. जन्म १८६५, नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. साद म्हणून विद्यार्थी हेच मरण लिहितील. दूरची साहाय्यक म्हणजे न्यू जर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कार्पेंटर, ज्यांनी एका मिशनरी मासिकात छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून स्वतःहून पत्र धाडलं. उंबरठ्याआधीचं जाहीर उत्तर म्हणजे फेब्रुवारी १८८३मधलं सेरामपूरचं भाषण : अमेरिकेला का जाते, एकटी का, हिंदूच का राहणार. एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोट. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात कसोट्या : थंडी, नऊवारी, शाकाहार, ढासळणारी प्रकृती. मार्च १८८६मध्ये एम.डी., प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर.

आता अडचणी. गोपाळरावांना कुठल्या खान्यात टाकणार? शिकवणारे ते, पुढे ढकलणारे ते, छळणारेही ते. मार्गदर्शक आणि राखणदार एकाच माणसात आले की विद्यार्थी यातली एक बाजू पुसून टाकतात. तसं करू देऊ नका, दोन्ही खान्यांत तेच नाव लिहायला सांगा. दुसरी अडचण सादेची : ती त्यांची स्वतःची किती आणि नवऱ्याची किती, हे पत्रांच्या तारखा लावून तपासावं लागतं. एका वाक्यात ते लिहिता येत नाही.

तिसरी सर्वांत मोठी. १८८६च्या अखेरीस त्या परतल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची नेमणूक हातात होती, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. अमृत घेऊन आल्या, पण ते द्यायला वेळ मिळाला नाही. इथे निबंधात ‘त्यांचं कार्य अजरामर झालं’ असं वाक्य हमखास येतं. ते लाल शाईने खोडा. परतीचा टप्पा अपुरा राहिला असं सरळ लिहू द्या. नंतरच्यांनी त्यांच्यापासून काय घेतलं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला पुरावे वेगळे लागतात.

निबंधासाठी एक नियम घाला : प्रत्येक टप्प्याखाली एक तारीख आणि एक कागद, म्हणजे पत्र, भाषण किंवा बातमी. कागद मिळाला नाही तर खाना रिकामा ठेवायचा.

प्रश्न : निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा पायी पूर्ण केली. घरी येऊन काही महिने झाले, कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात, ‘तुम्ही अजून आलाच नाहीत.’ हाही एखादा टप्पा आहे का? (पुणे)

आहे, आणि त्याला नाव आहे : परतायला नकार. कॅम्बेल यांनी त्याचं उदाहरण आपल्याच पुराणांतून घेतलं आहे. मुचकुंद राजा युगानुयुगं गुहेत झोपतो. कृष्णाचा शत्रू कालयवन त्याच्या दृष्टीने भस्म होतो, कृष्णाचं दर्शन घडतं, पण बाहेर आल्यावर माणसं खुजी झालेली दिसतात आणि तो लोकांत न जाता हिमालयात तप करायला निघून जातो. बुद्धालाही बोधीनंतर ‘हे कुणाला कळणार?’ असं वाटलं, तेव्हा ब्रह्मदेवाला येऊन विनवावं लागलं.

परिक्रमेतच यामागचं कारण दडलेलं आहे. नदी सतत उजव्या हाताला, ती ओलांडायची नाही, सागरसंगमावर तेवढी विमलेश्वरहून मिठीतलाईपर्यंत नाव, सदावर्तावर आणि भिक्षेवर जेवण, चातुर्मासात मुक्काम. १३१२ किलोमीटरच्या नदीचे दोन्ही काठ पायांखालून जातात. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांचं होतं नव्हतं ते लुटलं जाई आणि पुढच्या गावाने त्यांना नेसवावं, अशी जुनी वर्णनं आहेत. एवढे महिने निर्णय नदी घेते, माणूस फक्त चालतो. ओंकारेश्वरला जल वाहिलं, कढाई (शिऱ्याचा नैवेद्य) झाली, कन्याभोजन झालं की विधी संपतो. पण हे सगळे विधी नदीकाठचे आहेत. घराच्या दारात करायचा विधी कुणी ठरवून दिलेला नाही. वारीत निदान पालखी पायीच आळंदीला परतते, जरी सोबत फार थोडे लोक उरत असले आणि बाकीचे एसटी पकडत असले तरी.

होमरच्या ओडिसीत २४ सर्ग आहेत. नायक इथाकाच्या किनाऱ्यावर उतरतो तेराव्यात, म्हणजे उरलेलं अर्धं महाकाव्य घरी पोचल्यानंतरचं. त्याला स्वतःचं बेट आधी ओळखूच येत नाही. मग ओळखी एकेक करून पटत जातात : मुलगा, म्हातारा कुत्रा, जखमेच्या वणावरून दाई, पलंगाच्या गुपितावरून बायको, आणि सर्वांत शेवटी म्हातारा बाप. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना सगळं सांगितलं असणार.

करून पाहण्याजोग्या काही गोष्टी. वृत्तांत सांगणं महिनाभर थांबवा आणि तुमच्या गैरहजेरीत घरात काय झालं ते विचारून घ्या. कोणाचं आजारपण, कोणती बिलं, कोणाचं भांडण. कठोपनिषदातला नचिकेत यमाकडे तीन वर मागतो, त्यात मृत्यूचं रहस्य तिसरं आहे. पहिला वर असा : मी परतेन तेव्हा बापाचा राग शमलेला असो, त्याने मला ओळखावं आणि माझ्याशी बोलावं. दुसरं, चालण्याचा काही भाग ठेवा, पण ठरावीक वेळेला आणि घरातलं एखादं काम त्याला जोडून. भाजी, दूध, नातवाची शाळा. तिसरं, परिक्रमेत जे फुकट मिळालं त्यातली एक गोष्ट, जेवण किंवा निवारा, इथे नियमाने कुणाला तरी द्यायला लागा. झोप आणि भूक गेली असेल, किंवा जगण्याचाच कंटाळा वाटत असेल, तर याला टप्पा समजून वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : जगातल्या सगळ्या कथा एकाच साच्याच्या, हे पटत नाही. (मडगाव)

आम्हालाही नाही. कॅम्बेल यांची पद्धत अशी की पहिला टप्पा एका देशाच्या कथेतून घ्यायचा, दुसरा दुसऱ्या देशाच्या. अशा तुकड्यांतून १७ टप्पे भरतात, पण एकाच कथेत सगळे क्रमाने असणं दुर्मीळ. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली उलट वाट धरली : फक्त रशियन अद्भुतकथा, नमुना शंभरेक कथांचा, आणि त्यातून ३१ क्रिया. दावा लहान, म्हणून जास्त पक्का. ऑटो रँक (१९०९) नायकाच्या जन्मकथेवरच थांबले; त्यांच्या उदाहरणांत आपला कर्ण आहे. लॉर्ड रॅग्लन यांनी १९३६ साली जन्म ते मृत्यू अशी २२ लक्षणं दिली. हे सगळे वेगवेगळे कापड मोजत होते, हे विसरलं की वाद वाढतो.

साच्यातून निसटणाऱ्या कथाच जास्त वेळ सोबत राहतात, असं आमचं मत. प्राचीन मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातला उरुकचा राजा गिल्गमेश अमरत्वासाठी जगाच्या टोकाला जातो. सहा दिवस सात रात्री जागून दाखव, या कसोटीत बसल्याबसल्या झोपतो. मिळालेली वनस्पती साप पळवतो. आणि रिकाम्या हाताने परतून तो सोबत आलेल्या नावाड्याला उरुकची तटबंदी दाखवतो. अभिमन्यूला आत जायचं ठाऊक, बाहेर यायचं नाही.

प्रश्न : उपचार संपल्यावर आधारगटात सांगितलं, ‘आजार हा तुमचा नायकाचा प्रवास आहे, तो लिहा.’ राग आला. माझं चुकलं का? (न्यू जर्सी)

नाही. चौकट ज्याने त्याने स्वतः निवडायची असते, दुसऱ्याने गळ्यात घालायची नसते. त्या सूचनेमागे आधार आहे, हे खरं. २०२३ साली बेंजामिन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, लोकांनी स्वतःची गोष्ट सात घटकांत (नायक, बदल, शोध, सोबती, आव्हान, रूपांतर, वारसा) बांधून लिहिली तेव्हा आयुष्य अर्थपूर्ण वाटण्याचं प्रमाण वाढलं. पण ‘अर्थपूर्ण वाटतं’ याचा अर्थ ‘बरं होतं’ असा नाही, आणि उपचार चालू असताना ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न क्रूर होऊ शकतो.

लिहावंसं वाटलंच तर सातही घटक भरू नका. ‘सोबती’ एवढा एकच घ्या. कोण दवाखान्यात सोबत बसलं, कोणी डबा आणला, कोणी फोन करायचं टाळलं, हे नावानिशी लिहा. रूपांतर आणि वारसा हे खाने कोरे सोडा. आणि आधारगटात वाचून दाखवायला सांगितलं तर ‘नाही’ म्हणा.